उकंडरावच्या वावराची राखण

चिखलीहून मेहकरकडे निघालं की गाव संपता संपता एक ले-आउट लागतो. कमानीवर नाव आहे ‘ग्रीन व्हॅली’. तिथे ग्रीन म्हणाल तर एक कडुलिंब आहे आणि व्हॅली म्हणाल तर पाइपलाइनसाठी खोदून तशीच सोडलेली नाली आहे. हे नाव कमानीखेरीज कोणालाच पाठ नाही. ऑटोवाल्याला ‘ग्रीन व्हॅली’ म्हटलं तर तो दुसऱ्या ऑटोवाल्याच्या तोंडाकडे पाहतो. ‘उकंडरावचं वावर’ म्हटलं की थेट दारात आणून सोडतो.

उकंडराव अजून आहेत. वावराचे प्लॉट पाडून विकले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या डोळ्यांपुढचं पीक काही निघालेलं नाही. कोणाकडे चहाला आले की हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि म्हणतात, “इथं माही तूर व्हायची. तुमचा सोफा हाय ना, तिथं तर माणसाच्या डोक्यावर जाय.” सोफ्यावर बसलेला माणूस उगाच जरा सरकून बसतो.

तूर गेली, घरं आली आणि घरांमागोमाग भीती आली. रोज सकाळी पेपरात कुठल्या तरी कॉलनीतलं बंद घर फोडल्याची बातमी असते. दुपारी मोबाइलवर चड्डी-बनियन टोळीचा फोटो फिरतो, तो मागच्या वर्षीचाच असतो, तरी आम्ही नव्याने घाबरतो. जिल्ह्यात घरफोड्या वाढल्या की कमी झाल्या यावर कडुलिंबाखाली दर रविवारी वाद होतो आणि वाद संपला की प्रत्येक जण घरी जाऊन मागचं दार नीट लागलं आहे का ते पाहून येतो. घाबरण्याचंही एक वय असतं. आमच्या कॉलनीचं ते निघून गेलं आहे, आता नुसता थकवा उरला आहे.

तर या वावराची राखण जनकाबाई करतात.

त्यांच्या हातात काठी नसते, शिट्टी नसते. एका हातात पाण्याची बादली असते आणि दुसऱ्या हातात रांगोळीचा डबा. कंबरेला चाव्यांचा जुडगा. पहाट फुटायच्या सुमाराला त्या निघतात, ज्या ज्या घराला कुलूप आहे त्याच्या दारापुढे सडा टाकतात, चार रेघांची रांगोळी काढतात आणि पुढच्या बंद घराकडे वळतात. चालताना मधूनच कंबरेवर हात ठेवून थांबतात. तेव्हा चाव्या वाजतात. कॉलनीतल्या लोकांना तो आवाज ऐकला की बरं वाटतं आणि ते कूस बदलून पुन्हा झोपतात.

जनकाबाई मूळच्या अमडापूरच्या. त्यांचे यजमान जिनिंगवर रखवालदार होते. रात्री ते कापसाची राखण करत आणि दिवसा जनकाबाई त्यांच्या झोपेची. भांडं वाजू द्यायचं नाही, पोरीला रडू द्यायचं नाही, भाजीवालीला खुणेनंच भाव विचारायचा. यजमान जाऊन किती तरी वर्षं झाली, तरी बाई अजून कुजबुजल्यासारख्या बोलतात. जिनिंग बंद पडली तेव्हा त्यांनी या ले-आउटमधला, कोणालाच नको असलेला कोपऱ्यातला तिरपा प्लॉट घेतला आणि दोन खोल्या बांधल्या. त्यानंतर एकुलती एक मुलगी काजल लग्न होऊन नांदुऱ्याला गेली आणि जनकाबाई मोकळ्या झाल्या. म्हणजे, तसं त्यांना वाटलं होतं.

राखणीची सुरुवात प्रेमानंद सरांच्या चोरीपासून झाली. सर शाळेत गणित शिकवतात आणि त्यांच्या पत्नी धम्मशीलाताई आरोग्य केंद्रात नर्स आहेत. दसऱ्याला दोघं मुलांना घेऊन दीक्षाभूमीवर गेले होते. जाताना सरांनी दाराला एकाखाली एक तीन कुलपं लावली. सरांचं म्हणणं असं की, एक कुलूप तोडायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट तीन कुलपांना लागेल. चोराचं गणित कच्चं होतं. त्याने कुलपांना हातही लावला नाही, सरळ कडी उचकटली. परत आल्यावर सरांना तिन्ही कुलपं शाबूत सापडली. तेवढीच सापडली.

पंचनाम्याला आलेले हवालदार वयस्क होते आणि त्यांनी एवढ्या फोडलेल्या घरांत चहा घेतला होता की त्यांच्या आवाजात आता रागही उरला नव्हता. ते उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “सर, चोर कुलूप पाहत नाही, उंबरा पाहतो. गेटात पेपर पडून, दिवसा लाइट चालू आणि दारात रांगोळी परवाच्या दिवशीची. त्याले काय, पाटी वाचल्यासारखं दिसते.”

ही गोष्ट कॉलनीने मनावर घेतली. त्यानंतर दिवाळीत पुष्पांजलीताई तिरुपतीला निघाल्या. त्यांच्या मिस्टरांचं बियाण्याचं दुकान आहे आणि वर्षातून एकदा कंपनी त्यांना कुठे ना कुठे फिरवून आणते. निघताना त्या जनकाबाईंच्या दारात आल्या. “मावशी, तुम्ही पहाटे उठताच ना? माझ्या दारापुढे जरा पाणी मारून चार रेघा ओढाल का?”

जनकाबाई म्हणाल्या, “हाव, त्यात काय.”

हा ‘उठताच ना’ फार वाईट शब्द आहे. अमुक माणूस पहाटे उठतो, हे एकदा चार जणांना कळलं की त्याला पुन्हा कधी उशिरापर्यंत झोपता येत नाही. पुष्पांजलीताईंचं घर सुखरूप राहिलं. मग धम्मशीलाताईंनी चावी दिली, मग त्यांच्या पलीकडच्यांनी दिली. पाहता पाहता असं झालं की कॉलनीतला माणूस गावाला जायचं ठरलं की आधी जनकाबाईंना सांगायचा आणि नंतर बायकोला.

आणि बाई काम चोख करायच्या. युसूफभाई कूलरवाल्यांच्या दारात रांगोळी नसते, तेव्हा ते सगळे लग्नाला गेले की तिथे नुसतं पाणी मारायचं आणि पायरीवर त्यांची एक जुनी चप्पल ठेवायची. काल तिचं तोंड आत, तर आज बाहेर. प्रेमानंद सरांचा पंचा दोरीवर ओला करून टाकायचा. सगळ्यात कठीण काम म्हणजे बंद दाराशी बोलायचं. “पुष्पांजली, आज काय भाजी केली वं?” असं मोठ्याने विचारायचं आणि मग तोंडाला पदर लावून स्वतःच हळूच सांगायचं, “वांगे.” एकदा एक कुरिअरवाला ते उत्तर ऐकून अर्धा तास गेटाशी उभा होता. ताई तेव्हा म्हैसूरला होत्या.

बदल्यात लोक प्रवासातून काही तरी आणायचे. जनकाबाईंच्या बाहेरच्या खोलीत भिंतीत एक काचेचं कपाट आहे. त्यात रामेश्वरचा शंख आहे, गोव्याची शिंपल्यांची बोट आहे, जयपूरचा उंट आहे, आग्र्याचा ताजमहाल आहे, त्यात बटण दाबलं की लाइट लागायचा, आता लागत नाही. अख्खा हिंदुस्थान त्या कपाटात बाईंना भेटायला आला होता. बाई मात्र काही गेल्या नव्हत्या.

मध्यंतरी सरांच्या आग्रहाने कमानीवर एक कॅमेरा बसवला. आठवडाभर सगळे जण मोबाइलवर स्वतःची कमान पाहून खूश झाले. मग एका माकडाने त्याची मान पिरगाळली. तेव्हापासून त्यात पाण्याची टाकी दिसते. टाकी भरून वाहायला लागली की मोबाइलवर कळतं, हा एक फायदा झाला. चोरांसाठी पुन्हा जनकाबाईच.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “वाकू नका.” बाई म्हणाल्या, “मंग रांगोळी कशी काढू?” डॉक्टर म्हणाले, “दारापुढची एवढीशी? ती काढा हो, तेवढ्याने काय होते.” बाईंनी त्यांना बाकीच्या दारांचं सांगितलं नाही. सांगून त्यांचा विश्वास बसला नसता.

काजलला कळलं तेव्हा ती फोनवर भडकली. “माय, तू माह्या घरी किती वर्षांत मुक्कामाले आली? सकाळच्या बसनं येतं, चहा पेतं अन् संध्याकाळच्या बसनं परत. माह्या घरचा पलंग कोनता हे बी तुले माहीत नाही.”

“इथं चाव्या असतात ना वं लोकाईच्या.”

“लोकाईच्या चाव्या लोकाईपाशी. तू मे महिन्यात इकडं ये अन् नुसती झोप. ऊन अंगावर येईपर्यंत झोप. मले बाकी काही नको.”

फोन ठेवल्यावर जनकाबाई बराच वेळ बसून राहिल्या. ऊन अंगावर येईपर्यंत झोप! त्यांना आठवेना, असं आपण शेवटचं कधी झोपलो. लहानपणी गोवर झाला होता तेव्हा झोपलो असू. पण ती एक गोष्ट डोक्यात शिरली ती काही निघेना. तिरुपती नको, म्हैसूर नको, एकदा नुसतं झोपून पाहावं. दुसऱ्या दिवशी सडा टाकता टाकता त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, “मे महिन्यात मी काजलकडं जातो. आठ-दहा दिवस.”

कॉलनीवर वीज पडली. कारण मे महिन्यातच कॉलनीही जात असते.

रविवारी कडुलिंबाखाली मीटिंग बसली. अध्यक्षस्थानी अर्थातच उकंडराव, कारण खाली जमीन त्यांची होती.

पुष्पांजलीताईंचं उटीचं बुकिंग झालेलं होतं. त्या म्हणाल्या, “मावशींनी जूनमध्ये गेलं तर नाही का चालणार? जूनमध्ये हवा पण चांगली असते.”

“झोपाले कोनती हवा लागते?” जनकाबाई हळूच म्हणाल्या.

प्रेमानंद सरांनी एक वैज्ञानिक उपाय काढला. बाजारात रांगोळीचे स्टिकर मिळतात, ते दारापुढे चिकटवायचे. धम्मशीलाताई म्हणाल्या, “आठ दिवस तीच रांगोळी? चोर काय एकदाच पाहून जातो का?” सर म्हणाले, रोज बदलता येतील. ताई म्हणाल्या, मग ते बदलायला कोण येईल? इथे पुन्हा सगळ्यांनी जनकाबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजरा खाली घातल्या, तेवढी लाज होती.

उकंडराव म्हणाले, “माह्या तुरीले मी बुजगावणं करत होतो. सदरा-पायजमा माहाच. डुक्कर यायचं नाही.”

“अन् पाखरं?” युसूफभाईंनी विचारलं.

“पाखरं त्याच्या खांद्यावर बसायचे.”

शेवटी तोड निघाली ती युसूफभाईंच्या घरातून. मे महिन्यात कूलरवाला गाव सोडून गेला तर लोक त्याला पुन्हा गावात घेणार नाहीत, त्यामुळे ते घर तर इथेच राहणार होतं. त्यांच्या पत्नी बानोभाभी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मौसी, तुम्ही जा. चाव्या मले द्या. मी करतो सगळं.”

“अन् रांगोळी?” पुष्पांजलीताई चमकल्या. “तुम्हाला येते?”

“रांगोळी नाही काढली कधी,” बानोभाभी म्हणाल्या. “मेहंदी येते. हातावर काढतो ती जमिनीवर काढीन, अजून काय?”

निघण्याआधीच्या चार दिवसांत जनकाबाईंनी त्यांना सगळं शिकवलं. चप्पल कशी फिरवायची, पंचा किती पिळायचा, वांगे कोणत्या आवाजात म्हणायचं. आपल्या दाराला लावायला मात्र त्यांच्याकडे कुलूपच निघेना. इतकी वर्षं त्यांच्या घराला बाहेरून कुलूप लावायची वेळच आली नव्हती. तेव्हा प्रेमानंद सरांनी आपल्या तीन कुलपांपैकी एक मोठ्या मनाने आणून दिलं. “मावशी, हे घ्या. हे कुलूप आजपर्यंत कोणी फोडू शकलेलं नाही.” बोलले ते खरंच होतं.

बाईंनी जुडगा बानोभाभींच्या हातात दिला आणि पिशवी घेऊन खामगावच्या बसमध्ये बसल्या. खामगावला गाडी बदलून नांदुऱ्याला उतरल्या तरी त्यांचा हात सारखा कंबरेकडे जात होता.

काजलचं घर रेल्वे लाइनीजवळ आहे. तिने आईसाठी कूलरसमोरचा पलंग रिकामा केला होता, नवी चादर घातली होती. पण दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत बाई उठलेल्याच. बादली भरली, काजलच्या दारापुढे सडा टाकला, रांगोळी काढली. हात थांबेना म्हणून शेजारच्या दारापुढेही टाकला. पलीकडच्या दारी वाकल्या तेव्हा आतून एक बाई दात घासत बाहेर आली आणि पाहत राहिली. “कोण हो तुमी? मी घरीच हाव ना.”

काजलने आईला आत आणलं, रांगोळीचा डबा काढून घेतला आणि कुठे तरी दडवून ठेवला.

“माय, झोप म्हटलं ना तुले?”

“डोळे मिटून पडलो ना वं मी. पन डोळ्यापुढं दारंच येतात.”

काजलच्या सासूबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, “विहीनबाई, गाड्याइचा आवाज होत असन. होते सवय.” पण गाड्यांचा त्रास नव्हता. यजमान जिनिंगवर असताना त्यांनी त्याहून मोठी यंत्रं ऐकली होती. बाईंना झोपू देत नव्हतं ते वेगळंच. धम्मशीलाच्या मागच्या खिडकीची कडी लागते का नीट? पुष्पांजलीचा पेपर आत घेतला असेल का बानोने? त्या पलंगावर आडव्या व्हायच्या, पण झोपेची वाट पाहणं म्हणजे खामगावच्या स्टँडवर नांदुऱ्याच्या गाडीची वाट पाहण्यासारखं होतं. येईल म्हणतात, येत नाही.

तिकडे युसूफभाईंना आपल्या बायकोच्या कलेचा असा काही अभिमान चढला की, रोज सकाळी ते काजलच्या मोबाइलवर रांगोळीचे फोटो पाठवू लागले. पहिला फोटो पाहून काजल म्हणाली, “वा!” जनकाबाईंनी चष्मा लावला आणि मोबाइल डोळ्यांपाशी नेला.

पुष्पांजलीच्या दारापुढे पायरीपासून गेटापर्यंत एक वेल गेली होती. तिला पानं, पानांत कैऱ्या, कैऱ्यांत फुलं, फुलांत ठिपके. प्रेमानंद सरांच्या दारी त्याहून भारी. मेहंदीच्या कोनासारखा कागदाचा कोन करून बानोभाभींनी रांगोळी जमिनीवर ओतली होती. कोण्या नवरीने उताणं निजून तळहात उघडून ठेवावेत, तसं ते अंगण दिसत होतं. आणि कडेला, ज्या घरात माणसं होती त्या उकंडरावांच्या दारी, त्यांच्या सुनेने घाईघाईने मारलेल्या दोन रेघा.

बाईंनी फोन लावायला सांगितला.

“बानो, लय सुंदर काढली वं.”

“आवडली ना, मौसी? युसूफ म्हणते की आता तू ऑर्डरी घे.”

“आवडली. पन येवढी चांगली नको काढू. बिघडव थोडी.”

“बिघडवू?” बानोभाभींचा आवाज पडला. “मौसी, मले वाकडी रेघ नाही मारता येत हो. हात जात नाही.”

“अवं, जिथं मोठी वेल तिथं कोणी नाही, अन् जिथं दोन रेघा तिथं माणूस. येवढं तर उकंडरावले बी समजन.”

पलीकडून युसूफभाई म्हणाले, “मावशी, ते कालच म्हणून राह्यले होते. म्हणे, ज्या वाफ्यात फुलं, तो वाफा बिनमालकाचा.”

मग जनकाबाईंनी, नांदुऱ्याच्या पलंगावर बसून, एक तोड काढली. “असं कर. सगळ्याच दारी काढ. जे घरी हायेत त्याइच्या बी दारी काढ. एक दार सोडू नको. मंग कोनाले काय समजते, आत कोन हाय अन् कोन नाही?”

बानोभाभींना हेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी फोटो आला तो अख्ख्या कॉलनीचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत दारादारात वेली. उकंडरावांच्या दारीसुद्धा. त्यांनी म्हणे काठी उचलून, पाय उचलून, रांगोळीच्या कडेकडेने घराबाहेर पडायचा सराव केला. युसूफभाईंनी स्वतःच्या दारात मात्र आपली जुनी चप्पलच ठेवली होती आणि तिच्या भोवती एक छोटीशी वेल होती. जनकाबाईंनी फोटो मोठा करून करून पाहिला आणि एक एक घर मनात तपासलं. सर, पुष्पांजली, त्यांच्या पलीकडचे, उकंडराव, युसूफ. कोणाचंच दार सुटलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांना जेवतानाच पेंग आली. काजलला वाटलं, आज झोपतील. पण मग ती मागच्या खिडकीची कडी आठवली.

त्यानंतर एका सकाळी युसूफभाईंचा फोन आला. फोटो नव्हता, फोन होता. काजलने घेतला, ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. ती फोन घेऊन मागच्या दाराकडे वळली, पण बाई पलंगावर उठून बसल्याच होत्या.

“काऊन वं? काय झालं?”

“काही नाही. तू पड.”

“काजल, दे इकडं.”

काजलने फोन दिला नाही, नुसता स्पीकर लावला. युसूफभाईंचा आवाज रात्रभर कूलर चालून पाणी संपल्यावर येतो तसा कोरडा होता. “मावशी, घर फोडलं.”

जनकाबाईंनी पाय खाली सोडले आणि पायानेच चपला शोधायला लागल्या. “कोनाचं? सराईचं? मागची खिडकी?”

“नाही.”

“पुष्पांजलीचं? अरे देवा, ती तर उटीले हाय. तिले सांगतलं का? काजल, माही पिशवी दे. खामगावची गाडी कितीले हाय?”

“मावशी, ऐका. त्याइचं नाही. तुमचं.”

बाईंचा एक पाय चपलेत होता, तो तसाच राहिला.

“माहं?”

“हो, मावशी. आम्ही सगळ्याइच्या दारी रांगोळी टाकली. तुमच्या दारी टाकायची कोणाच्याच ध्यानात नाही आलं. तुमचं घर कधी बंदच नसते ना. आख्ख्या कॉलनीत तेवढं एकच दार कोरं होतं.” युसूफभाई थांबले. “बानो सकाळपासून रडून राह्यली.”

“माहंच ना? नक्की? सराईचं नाही?”

“नक्की. कडी उचकटली. कुलूप शाबूत हाय.”

“अन् बाकी सगळे?”

“बाकी सगळे ठीक.”

जनकाबाईंनी एक मोठा श्वास सोडला. कित्येक वर्षांचा असावा तो, काजल म्हणते, सोडतच राहिल्या. मग चपलेतला पाय बाहेर काढला.

“मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या.

“ठीक काय हाय, मावशी?” आता मागून उकंडरावांचा आवाज आला. म्हणजे ते सगळे तिथे, त्या तिरप्या घरात उभे होते. “पोलीस आले हायेत. काय गेलं ते सांगा. तुमच्या घरात काय होतं ते कोणालेच माहीत नाही.”

हे खरं होतं. कोणाच्या घरात कोणतं कपाट कुठे आहे हे बाईंना डोळे मिटून सांगता आलं असतं. त्यांच्या घरात काय आहे हे पाहायला कोणी गेलंच नव्हतं. जो तो चावी द्यायला दारापर्यंत यायचा आणि तिथूनच परतायचा. आता पहिल्यांदा सगळे आत आले होते. आणि समोर काचेचं कपाट उघडं होतं.

“काचेच्या कपाटातलं काही गेलं का?” बाईंनी विचारलं.

युसूफभाई जरा अवघडून म्हणाले, “नाही. सगळं हाय. चोरानं एक एक काढून पाहिलेलं दिसते. मंग परत ठेवलं. उंट फक्त उलटा ठेवला.”

म्हणजे रामेश्वर, गोवा, जयपूर, आग्रा, आम्ही इतकी वर्षं इतक्या प्रेमाने आणलेलं सगळं एका धंदेवाईक माणसाने नीट पारखलं होतं आणि नको म्हणून जागच्या जागी ठेवलं होतं. काजल सांगते की पलीकडे काचेचं दार हळूच लावल्याचा आवाज आला.

“मंग गेलं काय?”

“गॅसचं सिलिंडर दिसत नाही, मावशी.”

जनकाबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांचं अंग हलायला लागलं. काजलला वाटलं रडतात. त्या हसत होत्या, आवाज न करता, जिनिंगच्या दिवसांसारख्या.

“संपतच आलं होतं ते,” त्या म्हणाल्या. “दोन टायमाचा चहा निघाला तर निघाला. येवढ्या दूर खांद्यावर नेलं असन बिचाऱ्यानं.”

“तुम्ही केव्हा निघता?” उकंडरावांनी विचारलं. “पोलीस म्हणतात, घरधनी लागते.”

काजलने फोन स्वतःकडे ओढला आणि तोंड उघडलं, पण तिला बोलावं लागलं नाही.

“उकंडराव, तुमीच सांगजा त्याइले,” जनकाबाई म्हणाल्या. “सिलिंडर गेलं, बाकी हाय. दार लोटून घेजा. कुलूप नका लावू, ते सराईचं हाय, त्याइले देऊन देजा. आता तिथं नेण्यासारखं काही नाही.” आणि मग, जरा थांबून, “बानोले म्हणा रडू नको. तिले म्हणा, वेल लय सुंदर होती.”

त्यांनी फोन काजलकडे सरकवला, पाय वर घेतले, भिंतीकडे तोंड केलं आणि आडव्या झाल्या. सूर्य चांगला वर आला होता. खिडकीतून ऊन चादरीवर येत होतं, पायांवरून गुडघ्यांपर्यंत आलं, गुडघ्यांवरून कंबरेपर्यंत. बाहेरून मालगाडी गेली, एवढी लांब की संपता संपेना. फळीवरची भांडी वाजली. जनकाबाई हलल्या नाहीत.

काजलच्या सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. “गेल्या का वं विहीनबाई चिखलीले?”

“नाही,” काजल कुजबुजली. “झोपल्या.”

तेवढ्यात तिच्या हातातला फोन पुन्हा वाजायला लागला. पडद्यावर पुष्पांजलीताईंचं नाव होतं, उटीहून. काजलने तो बंद केला, स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या कोठीमागे, जिथे रांगोळीचा डबा दडवला होता, त्याच्या शेजारी नेऊन ठेवला.